केक भांड्याला चिकटू नये म्हणून काय करायचं

केक बिघडला असं सांगितलं जातं तेव्हा बऱ्याचदा केक छान फुललेला असतो, आतून जाळीही पडलेली असते. फक्त भांडं उलटं केल्यावर वरचा भाग ताटात येतो आणि तळ भांड्यातच राहतो. मग सुरी, उलथनं, ठोकाठोक सुरू होते. त्या वेळी करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. केक अख्खा सुटणार की नाही, हे मिश्रण ओतण्याआधीच्या पाच मिनिटांत ठरतं, आणि उरलेलं ओव्हनमधून भांडं बाहेर आल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत.

चिकटतो कशामुळे

अॅल्युमिनियमचं भांडं हाताला गुळगुळीत लागतं, पण त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात. कच्चं मिश्रण सैलसर असल्याने ते या खाचांत उतरतं. भांडं तापलं की अंड्यातली आणि दुधातली प्रथिनं घट्ट होतात आणि घट्ट होताना धातूला धरून बसतात. त्यात साखरेची भर पडते. कडेचं पाणी आधी उडून जातं, तिथल्या साखरेचा पाक होतो आणि गार झाल्यावर तो कडक बनतो. केक भांड्यातच गार होऊ दिला की जास्त चिकटतो, तो या पाकामुळे.

म्हणून सगळे केक सारखे चिकटत नाहीत. साखर, दुधाचा घट्ट भाग आणि फळांचा गर जितका जास्त, तितकी भांड्याची तयारी जास्त हवी. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक, केळ्याचा केक, गूळ घातलेला कणकेचा केक आणि खवा घातलेला मावा केक हे चिकटण्यात सगळ्यांत पुढे. मुंबई-पुण्याच्या इराणी आणि पारशी बेकऱ्यांत मावा केक कागदासकट हातात येतो, तो काही दिसायला बरा म्हणून नव्हे. एवढा खवा आणि साखर असलेलं मिश्रण नुसत्या पत्र्यात भाजलं तर निम्मा केक पत्र्यालाच राहील. याउलट भरपूर लोणी घातलेला साधा पाउंड केक मुळात स्निग्ध असतो आणि त्या मानाने सहज सुटतो.

भांड्याला काय लावावं

मिश्रण आणि धातू यांच्यामध्ये जो थर द्यायचा, त्यात पाणी नसावं आणि तो लावला तिथेच टिकावा. या दोन अटी लावून पाहिल्या की घरातले कोणते पदार्थ चालतील ते लगेच कळतं.

पाककृतींत ‘भांड्याला बटर लावून घ्या’ हे वाक्य इतक्या सवयीने लिहिलेलं असतं की त्यावर कोणी थांबत नाही. पण बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, १६ टक्क्यांपर्यंत पाणी आणि बाकी दुधाचे घटक व मीठ असतं. ओव्हनमध्ये पाणी उडतं, दुधाचे कण करपतात आणि नेमके तेच भांड्याला चिकटतात. घरी काढलेल्या लोण्यात ताकाचा अंश आणखी जास्त असतो. बटर केकच्या आत घालावं. भांड्याला लावायला ते सगळ्यांत कमी उपयोगाचं.

तेलात पाणी नसतं, पण ते जागेवर थांबत नाही. उभ्या कडांना लावलेलं तेल पाचेक मिनिटांत ओघळून तळाशी जमतं. कडा कोरड्या पडतात आणि तळ तेलात तळल्यासारखा होतो. शिवाय तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापला की त्याचा तपकिरी, चिकट राळेसारखा लेप बनतो. तो साबणाने निघत नाही आणि पुढचा केक बरोबर त्याच जागी अडतो.

तूप दोन्ही अटींत बसतं. कढवताना पाणी उडालेलं असतं आणि बेरी गाळून काढलेली असते, त्यामुळे उरतो तो जवळजवळ शुद्ध स्निग्धांश. मात्र लावताना ते मऊ लोण्याइतपत असावं, आणि इथे हवामान आडवं येतं. थंडीत तूप रवाळ होतं आणि दोन कणांमधली जागा कोरडी राहते. तेव्हा ते पातळ करून ब्रशने लावावं. एप्रिल-मेमध्ये तूप बरणीतच पातळ असतं आणि तेलासारखंच ओघळतं. तेव्हा तूप लावलेलं भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं, थर गोठतो आणि कडांवर टिकतो.

वनस्पती तुपातही पाणी नसतं आणि उन्हाळ्यातही ते बऱ्यापैकी घट्ट राहतं, म्हणून बेकरीवाले तेच वापरतात. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२पासून आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भांड्याला लागतं ते चमचाभरच. तरीही नको वाटत असेल तर साजूक तुपाने काम भागतं.

किती लावायचं? अर्धा किलो केकच्या ७ इंची गोल भांड्याला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम तूप पुरतं. जास्त लावलं की जास्त सुटेल हा गैरसमज आहे. जाड थर ठेवला तर केकची कड तळली जाते, तिला खड्डे पडतात आणि वर भुरभुरलेल्या मैद्याच्या गुठळ्या होतात. भांडं उजेडाकडे तिरकं धरून पाहावं. सगळीकडे एकसारखी चमक दिसली पाहिजे, पांढरे ओघळ नकोत आणि कोरडे ठिपकेही नकोत. तळ आणि कड जिथे मिळतात त्या कोनात बोट किंवा ब्रश वेगळा फिरवावा, कारण बहुतेक केक तुटतात ते तिथेच. कडांवर ब्रश खालून वर न्यावा आणि अगदी काठापर्यंत लावावं. केक फुगून वर येतो तेव्हा कोरड्या काठाला धरतो आणि तिथून फाटतो.

मग मैदा. एक मोठा चमचा मैदा भांड्यात टाकायचा, भांडं तिरकं धरून फिरवत आधी तळ आणि मग कडा झाकायच्या, आणि सिंकवर उलटं करून जोरात दोन-तीनदा आपटायचं. राहावा तो फक्त धुरकट थर. मैदा तुपाला ओघळू देत नाही आणि मिश्रणाचं पाणी थेट धातूपर्यंत जाऊ देत नाही. कुठे कोरडा ठिपका दिसला तर तिथे पुन्हा तूप आणि पुन्हा मैदा. नुसता मैदा तिथे धरणार नाही. एकदा मैदा लागला की आतून बोट लावायचं नाही.

चॉकलेट केकला मैद्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून तिथे बिनसाखरेची कोको पावडर भुरभुरावी. ड्रिंकिंग चॉकलेट चालत नाही, त्यात साखर असते आणि तीच चिकटते. रव्याच्या केकला बारीक रवा, कणकेच्या केकला कणीक, आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी केक करत असाल तर तांदळाची पिठी.

कागद

सपाट तळाच्या भांड्यात तळाला कागद घातला की अर्धी काळजी मिटते. फक्त कागद कोणता, इथे घोटाळा आहे, कारण ‘बटर पेपर’ या एकाच नावाने दुकानात निदान तीन वेगळे कागद मिळतात. पोळ्या गुंडाळायला वापरतात तो पातळ, कुरकुरीत कागद तेल अडवतो, पण केकच्या ओलसर मिश्रणाला तो स्वतःच चिकटतो. तो वापरायचा तर दोन्ही बाजूंनी तूप लावून. दुसरा मेण लावलेला. तो ओव्हनमध्ये कधीही घालू नये, मेण वितळतं आणि धूर होतो. नखाने खरवडल्यावर नखात पांढरट मेण आलं तर तो हाच. तिसरा सिलिकॉनचा पातळ थर दिलेला बेकिंगचा, म्हणजे पार्चमेंट कागद. त्याच्या पुडक्यावर तो किती अंशांपर्यंत चालतो हे छापलेलं असतं, बहुधा २२० किंवा २३०. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर मण्यासारखा उभा राहतो आणि कागद तिरका केल्यावर घरंगळून जातो. घ्यायचा तो हाच कागद, आणि त्याला वरून तूप लावण्याचीही गरज नसते.

अॅल्युमिनियम फॉइल हा कागदाला पर्याय नाही. तिला सुरकुत्या पडतात, सुरकुत्यांत मिश्रण शिरतं आणि केक खाताना दातांत फॉइल येते. वर्तमानपत्राचा कागद शाईमुळे आतून अजिबात नको. नाताळच्या फ्रूट केकला दोन-अडीच तास भाजताना कड करपू नये म्हणून भांड्याला बाहेरून जाड तपकिरी कागदाची दुहेरी पट्टी गुंडाळून सुतळीने बांधतात, ती गोष्ट वेगळी.

गोल कागद कापायला भांडं कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवण्यापेक्षा घडीची पद्धत बरी. भांड्यापेक्षा थोडा मोठा चौकोनी कागद अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, मग टोकाकडून तिरका दुमडत पंख्यासारखी अरुंद घडी करा. भांडं पालथं घालून घडीचं टोक मध्यावर धरा आणि जिथे काठ येतो त्याच्या दोन-तीन मिलिमीटर आत कापा. कागद तळापेक्षा मोठा झाला तर कोनात वर वळतो आणि केकला घडीची खाच पडते. आधी भांड्याला तूप, मग कागद, मग फक्त कडांना मैदा, असा क्रम ठेवा. तूप खाली असलं की कागद सरकत नाही.

कडांनाही कागद लावायची वेळ फ्रूट केक, चीजकेक आणि फार उंच केकला येते. पट्टी भांड्याच्या उंचीपेक्षा ३ सेंटिमीटर जास्त रुंद घ्यावी, खालचे २ सेंटिमीटर दुमडून त्या भागाला थोड्या थोड्या अंतरावर तिरके काप द्यावेत, म्हणजे ती गोलाईत नीट बसते. आधी ही पट्टी, तिच्यावर तळाचा गोल.

ब्राउनी आणि लोफ (लांबट चौकोनी केक) यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. भांड्याच्या रुंदीएवढी एकच लांब पट्टी तळातून घेऊन दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर बाहेर सोडायची. गार झाल्यावर ही टोकं धरून केक सरळ वर उचलता येतो, उलटा करावाच लागत नाही.

भांड्यासाठीचं पेस्ट

ज्यांच्याकडे आठवड्याला दोन-तीन केक होतात त्यांनी तूप आणि मैद्याचा खटाटोप दरवेळी करण्यापेक्षा एकदाच पेस्ट करून ठेवावं. मैदा, वनस्पती तूप आणि बिनवासाचं रिफाइंड तेल, तिन्ही वाटीच्या मापाने सारखे. पाव-पाव वाटी घेतलं तर निदान डझनभर केकना पुरतं. वनस्पती आणि मैदा एकत्र फेटून मग तेल थोडं थोडं घालत तीन-चार मिनिटं फेटा. मिश्रण पांढरं, हलकं आणि गुठळ्यांशिवाय झालं पाहिजे. कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये दोन महिने सहज राहतं, फक्त त्यात ओला ब्रश बुडवू नये. घट्ट तूप थर धरून ठेवतं, तेलामुळे ब्रश फिरतो आणि मैदा आधीच स्निग्धांशात मिसळलेला असल्याने कोरडी जागा राहत नाही. वरून वेगळा मैदा भुरभुरायचा नाही. वनस्पतीऐवजी साजूक तूप घातलं तर पेस्ट फ्रिजमध्ये दगडासारखं होतं, तेव्हा तासभर आधी बाहेर काढावं.

या पेस्टची खरी किंमत कळते ती नक्षीच्या भांड्यात. मध्ये नळी आणि भोवती खोल पन्हाळी असलेलं बंट भांडं हे अमेरिकेतल्या मिनियापोलिसजवळच्या नॉर्डिक वेअर या कंपनीने १९५०च्या सुमारास ओतीव अॅल्युमिनियममध्ये बनवायला घेतलं. आज त्याच्या नकला आपल्याकडेही सगळीकडे मिळतात. त्यात कागद घालता येत नाही आणि प्रत्येक खाच ही चिकटायची जागा असते. पेस्ट ब्रशने प्रत्येक पन्हाळीत खालपासून वर लावावं आणि मधल्या नळीला विसरू नये. दहातले निम्मे बंट केक नळीलाच अडकतात असं म्हटलं तरी चालेल. आणि हे काम केकचं मिश्रण तयार झाल्यावर, ते ओतायच्या अगदी आधी करावं. अर्धा तास आधी लावून ठेवलं तर उकाड्यात थर घसरून पन्हाळीच्या तळाशी साचतो आणि केकच्या माथ्यावर पांढरे डाग येतात.

भांडं कशाचं आहे

हलक्या रंगाचं साधं अॅल्युमिनियम केकसाठी उत्तम. काळ्या नॉनस्टिक भांड्यात कड लवकर तापते आणि करपते, म्हणून तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवावं. नवं नॉनस्टिक काही न लावता सुटतं, पण लेप झिजत जातो. तेव्हा तुपाचा अगदी पातळ हात आणि तळाला कागद यात कंजूषी करू नये. डब्यातले तेलाचे फवारे नॉनस्टिकवर मारू नयेत. त्यांत बहुधा लेसिथिन असतं, त्याचा न निघणारा चिकट थर जमतो आणि महागाचं भांडं साध्या पत्र्यापेक्षा वाईट चिकटायला लागतं.

काच हळू तापते आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे कड भाजतच राहते. तापमान कमी ठेवा, कागद घालाच. सिलिकॉनच्या साच्याला तुपाचा हलका हात पुरे, पण तो ट्रेवर ठेवूनच उचलावा आणि केक पूर्ण गार झाल्यावर साचा मागे वळवत सोलून काढावा. गरम असताना साचा दाबला की केकच तुटतो. घरातला स्टीलचा डबा केकला वापरणारे खूप आहेत. स्टीलमध्ये उष्णता नीट पसरत नाही, ज्वाळेच्या वरचा भाग जळतो आणि बाकीचा कच्चा राहतो. वापरायचाच तर तळाला दुहेरी कागद.

मफिनच्या कागदी वाट्यांबद्दल एकच. गरम मफिनचा कागद सोलू नका, सालासकट येतो. पूर्ण गार झाल्यावर तो आपसूक सुटतो. मफिन फुगून वाटीबाहेर येणार असतील तर ट्रेच्या वरच्या सपाट भागालाही तुपाचा हात लावा.

कुकर आणि कढई

ओव्हनमध्ये उष्णता सगळ्या बाजूंनी मिळते. कुकरमध्ये ती मुख्यतः खालून येते. त्यामुळे तळ करपून चिकटणं हा कुकरच्या केकचा नेहमीचा रोग आहे. शिट्टी आणि गॅस्केट दोन्ही काढून ठेवायचं, यात सूट नाही. तळाला दीड ते दोन वाट्या जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू, वर स्टँड, आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवणं. केकचं भांडं मिठाला टेकता कामा नये आणि कुकरच्या बाजूंनाही नाही, चारी बाजूंनी निदान दोन बोटं जागा हवी. भांडं आत गेल्यावर आच अगदी मंद, ४० ते ५० मिनिटं. तळाला दोन कागद एकावर एक. जुना जाड कुकर किंवा घट्ट झाकणाची जाड कढई याच कामासाठी वेगळी ठेवलेली बरी, कारण कोरडं तापवून रोजचा कुकर खराब होतो.

कोकणातल्या धोंडसाला, म्हणजे काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याच्या भाजलेल्या गोडाला, हाच प्रश्न ओव्हन येण्याच्या आधीपासून आहे. गूळ आणि काकडीचं पाणी, दोन्ही चिकटणारे. तिथे जाड बुडाच्या भांड्यात तूप लावून केळीचं पान घालतात आणि झाकणावर निखारे ठेवतात, म्हणजे खालची आच मंद ठेवता येते. कुकरच्या केकलाही केळीचं पान चालतं. देठाची शीर काढून, पान ज्वाळेवर क्षणभर फिरवून मऊ करायचं आणि गुळगुळीत बाजू वर ठेवून तुपाचा हात लावायचा.

गोव्याच्या बेबिंकाचं गणित आणखी निराळं. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर आणि मैदा यांचं ते मिश्रण इतकं गोड आणि इतकं बलकाचं असतं की कोरड्या भांड्याला लागलं तर सुटायचं नावच घेणार नाही. म्हणून भांड्यात मोठा चमचाभर तूप आधी तापवून त्यावर पहिला थर ओततात, तो वरच्या आचेवर तांबूस झाला की वर पुन्हा तूप आणि मग दुसरा थर. गरम तुपात ओतलेला थर टेकताक्षणी खालून आळतो आणि खाचांत शिरत नाही. ही रीत स्पंजला लावू नये. त्याचा तळ तळला जाईल आणि मधला भाग फुगायच्या आत कड घट्ट होईल.

जिथे काहीच लावायचं नसतं

शिफॉन केक आणि एंजल फूड केक या दोघांच्या भांड्याला तूप, कागद, मैदा यांपैकी काहीही लावायचं नाही, आणि नॉनस्टिकही नको. त्यांचं मिश्रण अंड्यांच्या फेटलेल्या पांढऱ्या भागावर उभं असतं. ते भांड्याच्या कोरड्या भिंतीला धरून वर चढतं. भिंत तुपाळ असेल तर घसरतं आणि केक बसतो. भाजून झाल्यावर नळीचं भांडं उलटं टांगून पूर्ण गार करतात, दीड-दोन तास, आणि मग लांब पातळ सुरीने सोडवतात. केक उलटा असताना पडू नये म्हणून तो चिकटलेलाच हवा. शिफॉन केक १९२७मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर या विमा विकणाऱ्या गृहस्थाने तयार केला आणि कृती दोन दशकं गुप्त ठेवली. गंमत अशी, की त्यात लोण्याऐवजी तेल हीच युक्ती होती, पण ते तेल मिश्रणात, भांड्याला नाही.

ओतताना आणि भाजताना

मिश्रण मधोमध ओता आणि भांडं हलवून पसरवा. चमच्याने कडेकडे ढकललं की लावलेला थर खरवडला जातो. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. टुटीफ्रुटी, मनुका, चॉकलेटचे तुकडे बुडून तळाशी बसतात आणि त्यांची साखर तिथेच जळते. एक चमचा मैद्यात घोळवून घालावेत, आणि मिश्रण फार पातळ असेल तर एक तृतीयांश मिश्रण तसंच आधी ओतून उरलेल्यात तुकडे मिसळावेत.

कच्चा राहिलेला केक हमखास चिकटतो. ७ इंची स्पंज १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं घेतो, पण घड्याळापेक्षा कडेकडे पाहावं. केकने कड दोन-तीन मिलिमीटर सोडलेली असावी, मध्ये बोटाने दाबल्यावर भाग वर यावा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

बाहेर काढायची वेळ

इथे घाई आणि आळस दोन्ही महागात पडतात. ओव्हनमधून आलेला केक नाजूक असतो, स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. लगेच उलटा केला तर स्वतःच्याच वजनाने फाटतो. फार उशीर केला तर आतली वाफ भांड्याला लागून पाणी होतं, तळ ओला होतो, कडेचा पाक कडक होतो आणि तूप पुन्हा गोठतं. साध्या स्पंजला जाळीवर दहा मिनिटं द्यावीत. बिनअंड्याचा केक ठिसूळ असतो, त्याला पंधरा. बंटला दहा ते पंधरा, लोफला पंधरा. ब्राउनी आणि फ्रूट केक मात्र भांड्यातच पूर्ण गार होऊ द्यायचे, त्यांना कागद असतोच. चीजकेक बाहेर येताच कडेने सुरी फिरवावी, कारण गार होताना तो आकसतो आणि कडेला अडकला असेल तर मधोमध भेगाळतो. अननसाचा उलटा केक पाच मिनिटांतच उलटवा, त्याचा तळाचा पाक गार झाला की खडीसाखर होतो.

सुरी पातळ आणि बिनदात्यांची घ्या. तिचं पातं भांड्याला टेकवून उभं ठेवा आणि एकाच दिशेने सलग फेरी मारा. करवतीसारखी खालीवर केली की कड कुरतडली जाते. नॉनस्टिकला प्लॅस्टिकची सुरी. मग भांड्यावर जाळी पालथी ठेवून दोन्ही एकत्र उलटवा, भांड्याच्या बुडावर दोन-तीन टिचक्या मारा आणि भांडं सरळ वर उचला. तळाचा कागद केक कोमट असतानाच सोला, कडेकडून मध्याकडे.

तरीही अडकला तर

ओढू नका. भांडं जाळीवर उलटंच पाच मिनिटं राहू द्या, बऱ्याच वेळा वजनानेच सुटतो. नाही सुटला तर नॅपकिन कडकडीत पाण्यात बुडवून पिळा आणि भांड्याच्या बुडावर एक-दोन मिनिटं ठेवा. आतलं तूप वितळतं. केक पूर्ण गार झाला असेल तर १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन ते पाच मिनिटं, किंवा धातूचं भांडं असेल तर अगदी मंद गॅसवर फिरवत वीस-तीस सेकंद. काच आणि सिलिकॉन गॅसवर चालत नाहीत. लोण्याने भरलेले जड केक आणि ब्राउनी तासभर फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट करावेत, मग बुड क्षणभर गरम करून काढावेत. घट्ट झालेला केक तुटत नाही.

तळाचा तुकडा राहिलाच तर तो कोमट असताना पातळ सुरीने उचलून, मध्ये जॅमचा हात देऊन जागेवर दाबावा. वर आयसिंग आलं की कोणाला कळत नाही. फारच चुरा झाला तर कस्टर्ड आणि फळांबरोबर काचेच्या भांड्यात थर लावून घ्या आणि पाहुण्यांना ट्रायफल म्हणून वाढा.

भांडं धुताना

चरे पडले की चिकटायच्या जागा वाढतात, त्यामुळे केकच्या भांड्याला तारेची घासणी आणि राख वर्ज्य. घरात भांडी घासायला कोणी येत असेल तर केकचं भांडं मोरीत ठेवूच नये, ते आपलं आपण धुवावं. गरम पाणी आणि साबण घालून अर्धा तास भिजवलं की करपलेली कड मऊ फडक्याने निघते. जुना तपकिरी तेलकट थर असेल तर खाण्याचा सोडा आणि पाण्याचा लेप करून रात्रभर ठेवा आणि सकाळी स्पंजने चोळा. नॉनस्टिकवर हे हलक्या हाताने. नव्या पत्र्याच्या भांड्यावर कारखान्यातलं तेल असतं, तेही पहिल्या वापराआधी साबणाने काढावं.

धुतलेलं भांडं पुसून बंद केलेल्या, पण अजून गरम असलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. लोफच्या भांड्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यांत आणि तळ निघणाऱ्या भांड्याच्या खोबणीत पाणी राहतं, आणि पत्र्याच्या भांड्याला तिथूनच गंज धरतो. ठेवून देताना तूप-तेल काही लावू नका, ते खवट होतं. भांड्यात भांडं ठेवायचं असेल तर मध्ये कागद घाला.